येतो

२ मार्च

भाऊजी,

पत्र पाहून दचकू नका. सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "गाडी घेतली" म्हटलं तर तुम्ही "आजी गेली" ऐकलंत आणि कधी, कशी असं विचारत बसलात. तुमच्या शेजारच्या पाववाल्या बाईंचा खरखरणारा फोन आणि त्यात तुमचे कान. त्यापेक्षा कागद बरा.

तर गाडी घेतली आहे. जुनीच आहे, पण क्लच चांगला आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुमचा दादा आणि मी निघतोय. दोघंच. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही. कायम कुणाच्या तरी लग्नाला, नाहीतर कुणाला तरी भेटायला. ह्या वेळी कुणाचंच काही नाही.

मला रस्ता आखून द्या. आमच्यापासून तुमच्यापर्यंत ज्या छोट्या ब्रुअरी आहेत त्या तुम्हाला माहीत. बिअरच्या मोठ्या कारखान्यातल्या माणसाला त्यातलं कोण दारात उभं करेल, तेही तुम्हालाच माहीत. दिवसाला एकच ब्रुअरी, आणि जवळपास त्या भागातलं काहीतरी खायला. गाडी मी चालवणार. त्याने प्यावं, मी खाईन. शेवटचा मुक्काम तुमच्याकडे.

दादाला सांगितलं. "बरं," म्हणाला. इतक्या लवकर तो कशालाच बरं म्हणत नाही.

उत्तर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या पत्त्यावर आलं की तोच फोडतो.

वहिनी

८ मार्च

वहिनी,

नमस्कार, तोही वाकून. आत्ताच टाकी घासून बाहेर आलोय आणि कंबर सरळ होत नाही.

पत्र स्कूलच्या पत्त्यावर का, ते विचारत नाही. दादाला चकित करायचं असेल. रस्ता असा आहे.

पहिला मुक्काम रेल्वेच्या जुन्या गोदामात. तिथे भाजलेल्या धान्याची काळी बिअर करतात. मालक बडबड्या आहे. ग्लास रिकामा ठेवू नका, नाहीतर तो भरतो आणि भरल्यावर बसतो. मागच्या अंगणात धुरावरचे मासे मिळतात, पावात भरून. दुसरा घाटाच्या माथ्यावर, दोघी बहिणींकडे. बिअर धाकटी करते आणि मोठी तिला नावं ठेवते, त्यामुळे दरवर्षी सुधारते आहे. त्यांच्याकडचं शेळीच्या दुधाचं चीज सोडू नका. तिसरा खाली दरीत. तिथे जावई टाकीवर आणि सासू चुलीवर. ती अळिंबीचं सूप करते. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, सगळा राग कामावर काढतात. बिअर आणि सूप दोन्ही उत्तम.

चौथा मी. खायला शेजारच्या बाईंचा पाव. प्यायला काय, ते सांगणं ह्या घटकेला अवघड आहे.

माझी मोठी टाकी बिघडली असं मला वाटतंय. वाटतंय म्हणतो, कारण खात्री नाही. बिअरला लोण्याचा वास यायला लागला की समजावं, आत नको ते शिरलं. आणि नेमक्या त्याच वासाला माझं नाक पहिल्यापासून बोथट. येतो असं वाटलं की येतो, नाही वाटलं की नाही. आमच्या घरात नाक एकच आहे आणि ते दादाला मिळालं. माझ्या वाट्याला कान आले होते, त्यांचं काय झालं ते तुम्ही पाहताच.

नुसती टाकी असती तर ओतून दिली असती. प्रश्न विरजणाचा आहे. बाकीचे यीस्ट म्हणतात, आम्ही दोघं विरजण म्हणत आलो, कारण आई तसं म्हणायची. तिने सफरचंदाच्या सालींवर ते लावलं, तिच्या खिडकीतल्या बरणीत. पहिली बिअर दादाने आणि मी तिच्याच पातेल्यात केली. आई गेली, घर विकलं, खिडकी दुसऱ्याची झाली. विरजण आहे. दर वेळी बरणीतलं थोडं नव्या टाकीत घालतो आणि बरणी पुन्हा भरून ठेवतो. बिघाड विरजणातच असेल तर ते उकळून मारायला हवं, नाहीतर ह्यापुढची प्रत्येक टाकी अशीच निघेल. एकदा उकळलं की संपलं. तसलं पुन्हा कुठून आणणार?

गावात कुणाला वास घ्यायला सांगावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खानावळींत बोभाटा. म्हणून दादाला एक बाटली पाठवली आहे. सोबत चिठ्ठी: "वास येतो का? आणि एप्रिलमध्ये नक्की येतोस का?" तो सांगेल ते मी करणार.

भाऊजी

१५ मार्च

भाऊजी,

रस्ता छान आहे. नकाशावर पेन्सिलीने ओढून पाहिला. घाटातलं वळण नवशिक्यांना घालायला उत्तम.

थोडा बदल करूया का? दरीतल्या जावयाकडे आम्ही फक्त सूप प्यायला थांबू. बहिणींकडे चीजच खाऊ. बिअर कमी, खाणं जास्त. तुमच्या ओळखीच्या लोकांना आधी कळवू नका की कारखान्याच्या चव-खोलीतला माणूस येतोय. मग ते ग्लासावर ग्लास पुढे करतात आणि तोंडाकडे बघत बसतात. त्याला रजेवरही कामच करावं लागेल.

बाटली पोचली. फडताळात आहे. सध्या त्याच्यामागे फार काम आहे, त्याला वेळ होईल असं वाटत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारा. दरीतला जावई तुमच्या गावचा नाही, तो कुणाला सांगणार?

आणि आम्ही आलो की त्याला लगेच टाक्यांकडे नेऊ नका. आधी जेवू. बोलू.

तो बरा आहे.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

"तो बरा आहे" ह्या वाक्यासाठी कुणी वेगळी ओळ घेत नाही.

काय झालं ते मला समजलं. दादा कारखान्यात गेला तेव्हा मी जे बोललो ते त्याने मनात ठेवलं आहे. माझी बाटली फडताळात! माझं काम म्हणजे त्याला भातुकली वाटत असणार. रोज शंभर टाक्यांवर नाक खुपसणाऱ्या माणसाने माझ्या एका टाकीसाठी नाक मुरडावं? एक घोट घेऊन एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? कारखान्यात बसून नाकाने कांदे सोलणं वेगळं. इथे माझ्या नाकात दम आलाय.

तुम्ही मध्ये पडून सारवासारव करू नका. तुम्हाला ते जमत नाही, तुमचं अक्षर बदलतं. त्याला यायचं नसेल तर तसं त्याने मला सांगावं. तुमचं चीज आणि सूप चालू द्या. माझ्या दारात गाडी लावायची तर तो टाकीपाशी येणार, आणि वास घेणार. पाहुणा म्हणून मला तो नको आहे.

आईच्या बरणीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

भाऊजी

२४ मार्च

वहिनी,

मागचं पत्र फाडून टाका. रागात लिहिलं होतं, आणि लिहिल्यावर लगेच टपालात टाकलं होतं, हे दोन्ही चुकलं.

दादाचं कार्ड आलं. मी चिठ्ठीत एवढं सगळं विचारलं होतं आणि त्याने एकच शब्द लिहिलाय: "येतो."

म्हणजे वास येतो. मी कार्ड उलटून पाहिलं, मागे नुसता पत्ता. पहिल्यापासून तो असाच. वाईट सांगायचं असलं की एका शब्दात सांगायचा. आई विचारायची, "कसं झालंय?" आणि हा म्हणायचा, "खारट." पुढे नाही, मागे नाही. पण खारट म्हणाला की खारटच असायचं.

तेव्हा ठरलं. खानावळींना आधीचा माल पोचवायचा आहे, तो ह्या आठवड्यात पोचवतो. पुढच्या शनिवारी, ३१ तारखेला सकाळी टाकी ओतणार आणि बरणी उकळणार. दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे दोनदा धीर गोळा करायला नको.

दादाला सांगा, मी रागावलेलो नाही. त्याने वेळ काढला आणि खरं सांगितलं. दुसऱ्या कुणावर मी ह्या बाबतीत विश्वास ठेवला नसता.

एप्रिलमध्ये या. विकतच्या यीस्टची बिअर पाजीन. तिला नावं ठेवायला मोठा भाऊ लागेलच.

भाऊजी

२५ मार्च

भाऊजी,

तुमचं वीस तारखेचं पत्र काल मिळालं. त्यात नाकाचे होते नव्हते तेवढे वाक्प्रचार आले आहेत. मी ते दादाला दाखवलं नाही. का, ते आता लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

दादाला वास येत नाही. लोण्याचा नाही, कशाचाच नाही.

थंडीत त्याला ताप आला होता, त्यानंतर. मला कळलं ते असं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. मी बाहेरून आले तर जिन्यातच वास. आत तो शेगडीसमोर उभा, हातात लायटर. पुन्हा पेटवणार होता. मी त्याचा हात धरला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. तो म्हणाला, "सर्दी झालीय." सर्दी नव्हती. त्यानंतर मी बघत गेले. जेवणात मीठ वाढलं. जळलेली पोळी त्याने निमूटपणे खाल्ली. अंघोळीचा साबण बदलला, तो त्याला कळला नाही. मी बदलला होता, मुद्दाम.

कारखान्यात तो कसं निभावतो, मला माहीत नाही. रोज जातो, रोज ग्लास हुंगतो, काहीतरी लिहून येतो. ज्या दिवशी तिथे कळेल त्या दिवशी ती नोकरी गेली. पण त्याला नोकरीची एवढी भीती नाही. मी त्याला ओळखते. नाक गेलं की मग तो कोण, हे त्याला माहीत नाही.

त्याने मला सांगितलेलं नाही. मला कळलंय हे मी त्याला सांगितलेलं नाही. असे आम्ही एका घरात राहतोय.

सहल त्यासाठी होती. माझ्या कामात मी एक पाहिलं आहे. माणसं समोरासमोर खोटं बोलतात. शेजारी बसून दोघंही रस्त्याकडे बघत असली की खरं बोलतात. माझे विद्यार्थी तिसऱ्या गिअरला पोचले की संसार सांगायला लागतात. मला वाटलं, चार दिवस गाडीत शेजारी बसला, आणि दर मुक्कामाला कुणीतरी ग्लास पुढे केला, तर कुठेतरी बोलेल. नाहीच बोलला, तर शेवटी तुमच्यापाशी. म्हणून ब्रुअरी. आणि मग तुमची बाटली आली, आणि मला धडकी भरली, कारण तुमचं विचारणं खरं होतं.

मागच्या आठवड्यात एकदा घरी आले तेव्हा तो तुमच्या बिअरचा ग्लास घेऊन खिडकीशी उभा होता. नाक ग्लासात, डोळे मिटलेले. माझी चाहूल लागली तसा त्याने ग्लास ओट्यावर ठेवला, चोरी पकडल्यासारखा.

बरणीबद्दल लिहिलं नाही, कारण काय लिहू ते समजलं नाही. विरजणाचा निर्णय त्याच्यावर सोडू नका. आणि मी हे लिहिलंय, ते त्याला कळू देऊ नका.

वहिनी

३० मार्च, दुपार

भाऊजी,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. उद्या सकाळी पोचलो की माशाच्या पुड्यात घालून तुमच्या हातात देईन. कागदाला वास लागेल, चालवून घ्या.

आम्ही तुमच्या पहिल्या मुक्कामावर आहोत, गोदामाच्या मागच्या अंगणात. दादा हात धुवायला गेला आहे आणि मालकाने त्याला वाटेत धरलं आहे, म्हणजे मला वेळ आहे.

तुमचं चोवीस तारखेचं पत्र बुधवारी आलं. मी ते घरी नेलं आणि ताटाशेजारी ठेवलं. त्याने वाचलं. घडी घातली. "बरोबर केलं त्याने," म्हणाला आणि जेवायला लागला.

मी विचारलं, "तू कार्डावर काय लिहिलं होतंस?"

"येतो."

"कशाला? एप्रिलमध्ये येतो, की वास येतो?"

"ज्याला जे लागेल ते," तो म्हणाला आणि मीठ मागितलं.

भाऊजी, तेव्हा मला वाटलं ताट त्याच्या हातातून काढून घ्यावं. आईंची बरणी उकळली जाणार आणि त्याचं नाक शाबूत राहणार. एका शब्दात त्याने दोन्ही भागवलं होतं. मग त्याचा हात पाहिला. चव न घेताच तो ताटभर मीठ भुरभुरत होता. मी वाटी उचलून फडताळात ठेवली.

गुरुवारी स्कूलमधून पाववाल्या बाईंना फोन केला. "टाकी ओतू नका म्हणून सांगा," म्हटलं. त्या म्हणाल्या, "सांगते हो, पण तो काय ऐकेल ते मी सांगू शकत नाही." तेव्हा मी गाडी काढली. आज सकाळी दादाला म्हटलं, "चल. मधले मुक्काम सोडून थेट जायचंय." त्याने कुठे ते विचारलं नाही. बॅग भरलेलीच होती. ती त्याने भरली होती की मी, ते आता आठवत नाही.

अजून बोललेला नाही. रस्ता सरळ होता, मी तिसऱ्या गिअरलाच ठेवली होती, मागचे हॉर्न वाजवत होते. बोलला नाही. ह्या पंपावर हवा बरी भरतात म्हणाला.

आत्ता मी एक वाईट गोष्ट केली. पावात भरलेले दोन मासे मागवले. माझ्यात धुरावरचा, त्याच्यात साधा उकडलेला. त्याने घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "धूर छान लागलाय." मला माझीच लाज वाटली. त्याचा राग यायला हवा होता, तो आला नाही.

माझं पंचवीस तारखेचं पत्र तुम्हाला मिळालं असेल तर तुम्हाला सगळं माहीत आहे. मग तुम्ही बरणी उकळणार नाही, आणि तसं करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तरी मागते. माहीत असल्याचं दाखवू नका. तुम्ही "असू दे दादा, मला कळलंय" म्हणालात तर तो मान हलवेल, आणि आयुष्यात पुन्हा ह्यावर बोलणार नाही. मग तो कारखान्यात तसाच जाईल, घरी तसाच येईल, आणि एखाद्या दिवशी मी जिन्यात पोचायच्या आधी लायटर पेटेल.

चूल पेटवा. पातेलं ठेवा. त्याला एकदा विचारा, तोंडावर.

तो पुन्हा "येतो" म्हणाला तर काय करायचं, ते मी सांगू शकत नाही. बरणी माझी नाही. माझ्या नवऱ्यासाठी मी तुमची वस्तू पणाला लावायला सांगतेय, हे मला समजतंय.

तो येतोय.

वहिनी

३१ मार्च

वहिनी,

पुडा मिळाला. पंचवीसचं पत्र काल मिळालं होतं. रात्रभर तेच वाचत होतो.

चूल पेटवली आहे. दादाला आत घेऊन जातो. तुम्ही गाडीतच थांबा आणि काच वर करा.

तो येतो म्हणाला तर मी उकळणार. खोटं खोटं नाही. माझ्या दादाचा शब्द मी पाळत नाही असं त्याला वाटलं, तर त्याच्याकडे काय उरलं?

चिठ्ठी खिशात ठेवा.

भाऊजी

६ एप्रिल

मास्तरीण,

रविवारी तू निघालीस तेव्हा बोलायला जमलं नाही. तुझ्या विद्यार्थ्याची परीक्षा होती, तुला घाई होती. निदान तू तसं दाखवलंस. आदल्या दिवशीही मी बाहेर येऊन "बरणी वाचली" एवढंच म्हणालो आणि तू "बरं" म्हणालीस. तुझी काच वर होती. तरी तुला सगळं ऐकू गेलं असणार. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं होतं. तू विचारलं नाहीस, म्हणून लिहितो.

आत पातेल्यात पाणी उकळत होतं. बरणी ओट्यावर होती. ती मी कितीतरी वर्षांनी पाहिली. कड उडालेली अजून तशीच आहे. धाकट्याने टाकीतून ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला. "शेवटचं बघ," म्हणाला. "वास येतो ना?"

मी ग्लास नाकाशी नेला. तिथे काही नव्हतं. थंडीपासून तिथे काही नसतं. बंद खोलीच्या दाराला नाक लावल्यासारखं वाटतं. कारखान्यात मी टाकीचे आकडे आधी बघून ठेवायचो आणि त्यावरून वास लिहायचो. बहुतेक बरोबर निघायचे. त्याची मला जास्त भीती वाटायची.

"येतो" तोंडात तयार होता. कार्डावर लिहिताना होता तसाच. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की मी येणारच आहे, मग खोटं काय लिहिलं? धाकटा तो शब्द कसा वाचेल ते मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं मी ते टपालात टाकलं.

मी बोलत नाही म्हटल्यावर त्याने बरणी उचलली. घाई केली नाही. पातेल्यावर नेली, थोडी कलती केली आणि माझ्याकडे बघत राहिला. वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला. तो पुसायलाही त्याने हात सोडला नाही.

"येत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"येत नाही."

"पाण्याचा आवाज होतोय. मोठ्याने बोल."

"येत नाही!" मी ओरडलो. "लोण्याचा येत नाही, तुझा येत नाही, कशाचाच येत नाही! थंडीपासून येत नाही!"

शेजारची पाववाली पिठाच्या हातांनी दारात आली. "काय येत नाही?"

"दादाला वास," धाकटा म्हणाला. बरणी त्याने छातीशी धरली होती.

"मग ओरडून येणार आहे का? आण इकडे." तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, हुंगला. "लोणी. चांगलं भरपूर." मग बरणीत नाक घातलं आणि तिथेच थांबली. आम्ही दोघं भाऊ परीक्षेचा निकाल लागताना उभं राहावं तसे उभे. "ह्यात नाही," ती म्हणाली. "हे माझ्या भिजवलेल्या पिठासारखं आहे. सफरचंद घालतोस का रे ह्यात?"

बरणी चांगली आणि टाकी वाईट, म्हणजे बिघाड मध्ये कुठेतरी. मी टाकीचा खालचा नळ खोलला. त्याला नाक लागत नाही. आतल्या रबरी वायसरवरून बोट फिरवलं, तो बुळबुळीत होता. धाकट्याने टाकी घासली होती, नळ घासला होता, वायसर काढला नव्हता. तो मला म्हणाला, "दिसला नाही." मी म्हणालो, "दिसत नसतो. हाताला लागतो." ह्या माणसाशी मी इतक्या वर्षांत बोललेलं हे पहिलं धड वाक्य.

टाकी ओतली. मोरीला फेस आला तो तू गाडीतून पाहिलास. मी तुझा चेहरा पाहिला. बरणीही गेली असं तुला वाटलं, तरी तू दार उघडून आत आली नाहीस. तू गाडीत का बसून राहिलीस, ते मला आता समजतं.

काल भांडी धुताना धाकट्याने कबूल केलं की माझं पहिलं "येत नाही" त्याला समजलं होतं. "चष्म्याच्या वरून ओठ वाचता येतात मला," म्हणाला. मी त्याला ओल्या फडक्याने मारलं.

माशाबद्दल. धाकट्याने तुझं कुठलंच पत्र मला दाखवलेलं नाही, तेव्हा त्याला बोलू नकोस. मासा पांढरा होता. मी घास घेण्याआधी पाव उघडून पाहिला होता. तू इतक्या आशेने बघत होतीस, तू नेमकं काय ऐकायला बसली आहेस ते मला समजलं नाही, म्हणून मी अंदाजाने धूर म्हणालो. त्यानंतर घाटात मला बोलायचं होतं. तू तिसऱ्या गिअरला गाडी ताणत होतीस आणि इंजिन रडत होतं. त्याच्यावरून काय बोलणार?

परीक्षा आटोपली की गाडी घेऊन ये. मधले मुक्काम राहिले आहेत, ते इथून उलटे करू. आधी सासूचं सूप, मग बहिणी, मग गोदाम. ग्लास माझ्यापुढे येईल, तो मी तुझ्याकडे सरकवीन. तू वास घ्यायचास आणि कसला येतो ते मला सांगायचंस. अगदी एक घोट घे, गाडी तुलाच चालवायची आहे. मला फक्त गार, गोड, कडू एवढंच कळतं, पण जिभेला फेस अजून कळतो. सुपात मीठ जास्त मागितलं तर देऊ नकोस.

कारखान्याला सोमवारीच कळवायला हवं होतं. चव-खोलीच्या साहेबांना मोठं पत्र लिहायला बसलो. ताप, डॉक्टर, आकडे, माफी. दोन पानं लिहिली आणि चुलीत घातली. मग कार्ड घेतलं आणि दोनच शब्द लिहिले: "येत नाही."

धाकटा मागे उभा होता. त्याने वाचलं. "ह्यातून त्यांनी काय समजायचं? कामावर येत नाही, की वास येत नाही?"

"काहीही समजले तरी बरोबर आहे," मी म्हणालो. आता टपालात टाकायला निघालोय.